फाशांच्या पेटीसाठी वाचनालयात एक खण द्या : गोव्यातल्या मराठी वाचनालयांच्या कार्यकारी मंडळांना खुले पत्र

गोव्यातल्या गावोगावच्या मराठी वाचनालयांचे अध्यक्ष, कार्यवाह, खजिनदार आणि सर्व सभासद यांस,

सप्रेम नमस्कार.

मी डिचोली तालुक्यातल्या एका हायस्कुलात मराठी शिकवतो. गेली सहा वर्षं दर रविवारी दुपारी माझ्या घराच्या सोप्यावर पाच-सहा मुलं जमतात आणि आम्ही 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ खेळतो. गेल्या पावसाळ्यात मुलं वाढून अकरा झाली, सोप्यावर झड येऊ लागली, वह्या भिजू लागल्या. म्हणून मी एका वाचनालयाकडे रविवारी तीन ते सहा एवढ्या वेळापुरती जागा मागितली. अर्ज सभेपुढे गेला आणि नामंजूर झाला. त्या वाचनालयाचं नाव मी घेणार नाही. तिथल्या पुस्तकांवरच मी वाढलो आहे.

मी कारण विचारायला गेलो तेव्हा तीन कारणं कळली. फासे म्हणजे जुगार, हे पहिलं. परका खेळ, आपला त्याच्याशी काय संबंध, हे दुसरं. तिसरं खजिनदारांनी सांगितलं आणि ते मला सगळ्यात रास्त वाटलं. ते म्हणाले, "मास्तर, तुमच्या या खेळाची दर काही वर्षांनी नवी आवृत्ती निघते म्हणता. आज आम्ही पैसे घालून पुस्तकं आणायची आणि उद्या ती रद्दीत जायची. त्यातली कुठली खपली, कुठली टिकली, ते तरी सांगा."

त्या दिवशी मला नीट उत्तर देता आलं नाही. आज ते सविस्तर लिहून देतो आहे. हाच प्रश्न उद्या दुसऱ्या गावात कुणीतरी विचारेल, म्हणून पत्र तुम्हा सर्वांना.

आधी जुगाराचं. मांडवीत रात्रभर उजळलेली कॅसिनोंची जहाजं ज्यांनी पाहिली आहेत त्या आईबापांना फासे म्हटल्यावर धसका बसतो, हे मला कळतं. माझ्या वर्गात अशी मुलं आहेत ज्यांच्या घरातला पैसा त्या पाण्यावर गेला. पण जुगाराला पैज लागते, आणि या खेळात पैज नाही. कुणी हरत नाही, कुणी जिंकत नाही. एक जण सूत्रधार होतो आणि प्रसंग सांगतो: तुम्ही नदीकाठी आहात, अंधार पडतोय, साकवावर कुणीतरी उभं आहे. बाकीचे प्रत्येकी एकेक पात्र घेतात आणि आपलं पात्र काय करतं, काय बोलतं ते सांगतात. जमेल की नाही अशी शंका असेल तिथे वीस बाजूंचा फासा टाकायचा. आकडा मोठा आला तर जमलं, लहान आला तर फसलं, आणि गोष्ट तिथून पुढे.

श्रावणातल्या एका रविवारची गोष्ट सांगतो. साकवावर मी देवचार उभा केला होता. मुलं त्याच्याशी लढणार असं मी धरून चाललो होतो, त्याचा बळ-बिळ सगळा हिशेब वहीत लिहून ठेवला होता. नववीतली एक मुलगी, जी वर्गात हजेरीलासुद्धा हळू आवाजात 'हजर' म्हणते, ती उठून उभी राहिली आणि म्हणाली, "थांबा. हा राखणदार आहे. आपण त्याची वाट न विचारता अडवली. आमच्या आजोबांसारखा मी त्याला रोट ठेवते." आणि तिनं देवचाराला गाऱ्हाणं घातलं. अगदी देवळातला भटजी किंवा घाडी घालतो तसं, 'बा म्हाराजा' म्हणून, आणि बाकीच्या मुलांनी आपण होऊन 'व्हय म्हाराजा' म्हटलं. मी तिला फासा टाकायला सांगितला. देवघरातल्या तबकात आम्ही फासे टाकतो, म्हणजे ते अंगणात जात नाहीत. सतरा आला. देवचार बाजूला झाला. ती मुलगी खाली बसली तेव्हा तिचे हात थरथरत होते. मराठीचा शिक्षक म्हणून इतक्या वर्षांत मी जे वर्गात घडवू शकलो नाही ते त्या दुपारी माझ्या सोप्यावर घडलं.

परका खेळ म्हणणाऱ्यांना मी एवढंच विचारतो: पेडण्यापासून सत्तरीपर्यंत आपण दशावतारी काला बघत आलो ना? देवळाच्या आवारात कंपनी उतरते, पेटारे उघडतात, मंडळी रंगायला बसतात. रंगता रंगताच आजचं आख्यान ठरतं. तू राजा, तू राक्षस, तू ऋषी, अमक्या ठिकाणी युद्ध, तमक्या ठिकाणी विलाप. लिहिलेली संहिता हातात नसते. संवाद रंगमंचावर सुचतात, आणि समोरच्यानं काय म्हटलं त्यावर आपलं पुढचं वाक्य ठरतं. या अमेरिकन खेळाचा गाभा नेमका हाच आहे. फरक फाशाचा. तो आमच्याकडे आख्यानाला अनपेक्षित वळण देतो. आपल्या मुलांना हे रक्तातूनच येतं, आणि त्यांना त्यासाठी टेबल मिळत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता खजिनदारांचा प्रश्न.

हा खेळ १९७४ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, लेक जिनिव्हा नावाच्या छोट्या गावात छापला गेला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन हे दोन कर्ते. गायगॅक्सची विमा कंपनीतली नोकरी गेलेली होती, तो घरात बूट दुरुस्त करून चार पैसे मिळवत होता. कुणी प्रकाशक घेईना, म्हणून त्याचा बालमित्र डॉन के यानं हजार डॉलर घातले, पुढे ब्रायन ब्लूम यानं दोन हजार. टीएसआर ही कंपनी उभी राहिली ती अशी. पहिल्या छपाईच्या प्रती हजार. लाकडी रंगाच्या कागदानं मढवलेली पेटी, आत तीन पुस्तिका, किंमत दहा डॉलर, आणि पेट्या घरातच हातानं भरल्या जात. वर्षभरात हजारही प्रती संपल्या. पण त्या पुस्तिका वाचून खेळ कळत नसे. टेबलावर सैन्य मांडून खेळायच्या युद्धखेळांचे आधीचे नियम ठाऊक आहेत असं गृहीत धरूनच त्या लिहिलेल्या होत्या. ज्याला शिकवणारा कुणी भेटला तो शिकला, बाकीचे पानं उलटत बसले. बहुबाजूंचे फासेही कुठे मिळत नसत. शाळांना गणिताचं साहित्य पुरवणाऱ्या कॅटलॉगमधून ते आणावे लागत.

म्हणजे खेळ होता, मागणीही होती, पण आत यायला दार नव्हतं. ते दार एका डॉक्टरनं बसवलं. जॉन एरिक होम्स हे मेंदूविकारांचे डॉक्टर, वैद्यकीय शाळेत शिकवणारे. नवख्यांसाठी हे सगळं मी सोपं करून लिहून देतो, असं त्यांनी आपण होऊन कंपनीला सुचवलं. १९७७ साली त्यांची 'बेसिक' पेटी आली. एका पेटीत एक पुस्तिका, एक साहस (म्हणजे खेळायला तयार आख्यान), फासे. पुढे खप इतका वाढला की फाशांचा तुटवडा पडला. तेव्हा कंपनीनं काय करावं? पेटीत पुठ्ठ्याच्या आकड्यांचा ताव घातला. आकडे कापा, कपात टाका, न बघता एक उचला. या चिठ्ठ्यांकडे मी पुन्हा येणार आहे.

१९८१ साली ही पेटी पुन्हा लिहिली गेली, आणि १९८३ साली फ्रँक मेंट्झर यांनी तिसऱ्यांदा लिहिली. ती लाल पेटी. मुखपृष्ठावर लॅरी एल्मोर यांनी काढलेला लाल ड्रॅगन आणि त्याच्यासमोर पाठमोरा योद्धा. मला या पेटीबद्दल जरा जास्त बोलायचं आहे, कारण तुमच्या कपाटात कुठल्या जातीची वस्तू असावी हे तिच्यावरून कळेल. पुस्तिका उघडली की नियम सुरू होत नाहीत, गोष्ट सुरू होते. तुम्ही एकटेच वाचता आहात. तुम्ही योद्धा आहात, गुहेत शिरता. एक गॉब्लिन पळतो, एक साप डसतो, आणि पुढे अलीना नावाची एक देवभक्त स्त्री भेटते. ती तुमची जखम बरी करते, तुमच्याशी गप्पा मारते. थोड्याच पानांनी बार्गल नावाचा जादूगार तिला मारतो. दहा-बारा वर्षांचं पोर एकटं बसून हे वाचतं, त्याला अलीनाचं वाईट वाटतं, आणि त्याच्या नकळत निम्मे नियम शिकून झालेले असतात. शिकवणाऱ्याची गरज उरली नाही. खेळण्यांच्या दुकानात, पुस्तकांच्या दुकानात ही पेटी मिळे. फ्रेंच, जर्मन, जपानी अशा अनेक भाषांत ती गेली. टीएसआरच्या वैभवाचे दिवस ते हेच.

त्याच काळात कंपनी 'ॲडव्हान्स्ड' नावानं दुसरी, जाड पुस्तकांची माळही चालवत होती: १९७७ ते १९७९ या काळात तीन मोठे ग्रंथ आले आणि वर्षानुवर्षं खपत राहिले. १९७९ साली मिशिगनमधला एक विद्यार्थी बेपत्ता झाला आणि वर्तमानपत्रांनी खेळाला दोष दिला. त्याच्या नाहीसं होण्याशी खेळाचा संबंध नव्हता हे नंतर स्पष्ट झालं, पण तोवर नाव घराघरात पोचलं होतं आणि विक्री उसळली. असल्या प्रसिद्धीचा मला आनंद नाही. एका घराचं दुःख होतं ते. मी ते सांगतो अशासाठी, की त्या वेळी उत्सुकतेनं आलेल्या मुलाला हातात घ्यायला सोपी पेटी दुकानात होती. ती नसती तर बातमी विरली असती.

या जाड पुस्तकांच्या माळेची दुसरी आवृत्ती १९८९ साली आली. आईबापांच्या तक्रारींमुळे भुतं-सैतानांची नावं काढून टाकली होती. पहिल्या वर्षी ती चांगली खपली, मग उतरत गेली, आणि पहिलीची उंची तिनं कधी गाठली नाही. कारण नियमांत नव्हतं, नियम उलट जास्त नीटनेटके होते. झालं असं, की कंपनीनं एकामागून एक जगं काढली. एक वाळवंटाचं, एक भयाचं, एक आकाशातल्या जहाजांचं, एक राजघराण्यांचं. प्रत्येकाच्या वेगळ्या पेट्या, वेगळी पुस्तकं. जो वाळवंट खेळे तो जहाजं विकत घेईना. नवा माणूस येत नव्हता, आणि आहे तोच गिऱ्हाईक वाटला जात होता. वर पुस्तकविक्रीच्या साखळीचा फास: वितरकाकडे माल गेला की पैसे मिळत, पण न खपलेला माल परत आला की ते पैसे देणं होई. १९९६ साली माल मोठ्या प्रमाणावर परत आला. छापखान्याची देणी थकली, छापखान्यानं हात आखडला. १९९७ साली विझर्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीनं टीएसआर विकत घेतली. त्या व्यवहारात कागदपत्रं तपासणारे रायन डॅन्सी यांनी पुढे लिहिलं, की आपले गिऱ्हाईक कोण, त्यांना काय हवं, याची विचारपूस केल्याचा एकही कागद तिथे सापडला नाही. वाचनालय चालवणाऱ्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. वाचक कोण हे न विचारता पुस्तकं घेत गेलं की कपाटं भरतात आणि देवघेव थांबते.

याच डॅन्सी यांनी २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीबरोबर एक धाडस केलं. नियमांचा गाभा त्यांनी खुल्या परवान्याखाली जगाला मोकळा करून दिला. कुणीही वापरा, बदला, त्यावर आपलं पुस्तक काढून विका. हिशेब असा, की दुसऱ्यानं काढलेलं प्रत्येक पुस्तक खेळाडूला शेवटी मूळ ग्रंथाकडेच आणेल. मूळ ग्रंथाची किंमतही सुरुवातीला वीस डॉलरच्या आत ठेवली होती. हिशेब खरा ठरला, खेळ पुन्हा उभा राहिला.

त्या मोकळेपणाची एक ओंजळ माझ्यापर्यंत आली. २००६ साली मी कॉलेजात होतो. म्हापशातल्या एका सायबर कॅफेत बसून मी ते फुकटचे नियम उतरवून घेतले आणि पानाला दोन रुपये देऊन चौसष्ट पानं छापली. अख्ख्या महिन्याचा बसचा पास त्यात गेला, पंधरा दिवस मित्राच्या स्कूटरवर मागे बसून फिरलो. फासे मिळायचा प्रश्नच नव्हता. परीक्षेच्या पॅडचा पुठ्ठा कापून मी एक ते वीस आकड्यांच्या चिठ्ठ्या केल्या आणि चहाच्या कपात घातल्या. लाल पेटीच्याही आधी कंपनीनं स्वतः हेच केलं होतं, हे मला खूप वर्षांनी कळलं. तो कप अजून माझ्याकडे आहे. कान तुटलाय, पण चिठ्ठ्या शाबूत आहेत. कुठल्याही दुकानदाराला एक पैसा न देता मी खेळाडू झालो, आणि पुढे नोकरी लागल्यावर तीच पुस्तकं रोख पैसे मोजून घेतली. खजिनदारसाहेब, तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर या कपात आहे.

तिसऱ्या आवृत्तीतही चूक झाली. तीनच वर्षांत, २००३ साली, 'साडेतीन' म्हणून सुधारित पुस्तकं आली आणि जुन्या नियमांवर काढलेला इतरांचा माल दुकानांत पडून राहिला. छोटे प्रकाशक त्यात बुडाले. तरी खरी पडझड पुढची.

२००८ सालच्या जूनमध्ये चौथी आवृत्ती आली. पहिली छपाई बाजारात यायच्या आधीच मागणीत संपली. मीही पहिल्या पगारातून वाचवलेल्या पैशांनी पणजीतल्या एका पुस्तकवाल्याकडून तिन्ही ग्रंथ मागवले. दोन महिने वाट पाहिली. पुस्तकं देखणी होती, लढाईचे नियम इतके स्वच्छ मी आधी कधी पाहिले नव्हते. मी आजही म्हणेन की त्या आवृत्तीवर लोकांनी अन्याय केला. पण कंपनीनं जुना खुला परवाना बाजूला ठेवून नवा, आखडता परवाना आणला, आणि २००९ च्या एप्रिलमध्ये जुन्या पुस्तकांच्या विकत मिळणाऱ्या डिजिटल प्रतीसुद्धा एका फटक्यात काढून घेतल्या. आमच्या टेबलावर सहा जण होते. दोघं म्हणाले, आम्ही जुनंच खेळणार. पायझो ही कंपनी आधी याच खेळाची मासिकं काढायची. तिनं जुन्या खुल्या परवान्याचा आधार घेऊन साडेतीनचेच नियम सुधारून २००९ साली 'पाथफाइंडर' काढला. आमचे आणखी दोघं तिकडे गेले. उरलो आम्ही दोघं. दोघांत खेळ होत नाही. सगळ्या जगात हेच झालं असावं, कारण दोन-तीन वर्षांत अमेरिकेतल्या दुकानांच्या विक्रीत पाथफाइंडर चौथ्या आवृत्तीच्या बरोबरीला आला आणि पुढेही गेला. मूळ नावाच्या खेळाला त्याच्याच जुन्या नियमांनी मागे टाकलं. त्या दोघांशी माझं बोलणं बंद नव्हतं, पण चार वर्षं आम्ही एका टेबलावर बसलो नाही. ती चार वर्षं मला अजून सलतात.

मग विझर्ड्स कंपनीनं जे करायला हवं होतं ते केलं: विचारलं. २०१२ पासून दोन वर्षं नव्या नियमांचा मसुदा लोकांना फुकट खेळायला दिला, पावणेदोन लाखांहून जास्त लोकांनी खेळून आपली मतं कळवली. २०१४ साली पाचवी आवृत्ती आली. जाड ग्रंथाच्या महिनाभर आधी काय आलं? वीस डॉलरची नवख्यांची पेटी: फासे, तयार पात्रं, एक साहस. आणि मूळ नियम नेटवर फुकट. १९८३ ची लाल पेटी आणि २००० सालचा मोकळेपणा, दोन्ही एकत्र. दोनच वर्षांत पाचवीच्या खेळाडू-ग्रंथानं तिसरी, साडेतीन आणि चौथी यांतल्या प्रत्येकाच्या आयुष्यभराच्या खपाला मागे टाकलं, असं त्याच्या मुख्य रचनाकारांपैकी माइक मर्ल्स यांनी २०१६ साली जाहीर केलं. पुढे आणखी वाढ झाली. २०२० साली, साथीत सगळे घरात अडकलेले असताना, विक्री आदल्या वर्षापेक्षा ३३ टक्क्यांनी वाढली असं कंपनीनं सांगितलं.

यात नशिबाचा वाटा होता, तो मी नाकारत नाही. २०१५ पासून कार्टूनपटांना आवाज देणारे काही कलाकार आपला खेळ नेटवर थेट दाखवू लागले आणि लाखो लोक बघू लागले. २०१६ साली एका लोकप्रिय मालिकेत मुलं तळघरात बसून हाच खेळ खेळताना दिसली. साथीनं माणसांना गोष्टींची भूक लावली. पण १९७९ च्या बातमीसारखंच हेही. वारा कुणाच्या हातात नसतो, शीड मात्र आधी उभारलेलं असावं लागतं.

आणि तरीही २०२३ च्या जानेवारीत त्याच कंपनीनं जुना खुला परवाना मागे घ्यायचा घाट घातला. मसुदा फुटला. खेळाडूंनी कंपनीच्या डिजिटल सेवेची वर्गणी धडाधड बंद केली. पायझोच्या मूळ ग्रंथाचा आठ महिन्यांना पुरेल असा साठा दोन आठवड्यांत संपला. महिनाअखेर, २७ जानेवारीला कंपनी नमली आणि पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम तिनं क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली सोडले. हा परवाना परत घेता येत नाही. उद्या कंपनी विकली गेली, बुडाली, मालक बदलला, तरी ते नियम जगाचेच राहतील.

तुम्हा मंडळींनी या एका तारखेकडे लक्ष द्यावं असं मला कळकळीनं वाटतं. मूळ कर्त्याचा उल्लेख केला की त्या नियमांचं भाषांतर करायला कुणाची परवानगी लागत नाही. मराठीतसुद्धा. फ्रेंच, जर्मन, इटालियन आणि स्पॅनिश भाषांत कंपनीनं स्वतः ते काढून दिले. मराठीत कुणी काढायचे? मला वाटतं, आपण. आमच्या मुलांनी सुरुवात केलीही आहे. 'हिट पॉइंट्स'ला ती 'जीव' म्हणतात: "सर, माझे चारच जीव उरले." संकटातून वाचण्यासाठी जो फासा टाकतात त्याला एका मुलानं 'निभाव' शब्द शोधला, आणि तो इतका चपखल बसला की आता इंग्रजी शब्द कुणी उच्चारत नाही. लढाईत कोण आधी हे ठरवणं म्हणजे 'पाळी'. अशा शब्दांची दोनशे पानी वही आमच्याकडे भरत आली आहे. तिच्यातून चाळीस पानांची नवख्यांची पुस्तिका निघू शकते, आणि सुरुवातीला गोष्ट, मग नियम, हा लाल पेटीचा धडा मी त्यात गिरवणार आहे. आपल्या कृष्णदास शामा ग्रंथालयाला १८३२ पासूनचा वारसा आहे. त्या परंपरेच्या गोव्यात मुलांनी घडवलेली मराठी पुस्तिका कपाटात बसायला जागा नाही असं होऊ नये.

रद्दीचं तेवढं सांगायचं राहिलं. २०२४ च्या सप्टेंबरात पाचवीचा सुधारित खेळाडू-ग्रंथ आला आणि खेळाच्या इतिहासात सगळ्यात वेगानं खपलेला हाच, असं कंपनीनं सांगितलं. पण २०१४ ची साहसं त्या नियमांवर चालतात, कंपनीनं ती चालतील अशीच रचना ठेवली. १९८१ ची 'बेसिक' आवृत्ती तर लोक आजही खेळतात. तिचे नियम नव्यानं मांडलेली पुस्तकं छोटे प्रकाशक काढतात आणि ती खपतात. पाठ्यपुस्तक बदललं की जुनं परीक्षेला चालत नाही. इथे परीक्षा नाही, चार माणसं आणि एक टेबल असलं की कुठलीही आवृत्ती जिवंत असते. माझी चौथी आवृत्तीसुद्धा मी अजून काढतो, मुलांना तिच्यातले डावपेच फार आवडतात.

म्हणून माझं मागणं असं. जाड ग्रंथ घेऊ नका. निदान पहिल्या वर्षी तरी नको. नवख्यांची एक पेटी घ्या, फाशांचे तीन संच घ्या, ते काहीशे रुपयांत येतात. फुकट नियमांची छापील प्रत मी बांधून देतो. हे सगळं कपाटाच्या एका खणात मावतं. पुस्तकासारखीच पेटीची नोंद करा, सभासद-मुलांना घरी न्यायला द्या, आणि रविवारी दुपारी दालन उघडं ठेवा. पंख्याचा आणि दिव्याचा खर्च आम्ही पालक-शिक्षक वाटून घेऊ. मुलं गेल्यावर खुर्च्या जागच्या जागी लागतील, याची जबाबदारी माझी.

ज्या मंडळानं माझा अर्ज नामंजूर केला त्यांनाही मी या गणेश चवथीनंतर पुन्हा अर्ज देणार आहे. सभेच्या दिवशी मला दहा मिनिटं द्या. मी चिठ्ठ्यांचा तो कप घेऊन येतो आणि ती नववीतली मुलगी, आता दहावीत गेली आहे, ती सूत्रधार होईल. खजिनदारांनी एक पात्र घ्यावं अशी तिची इच्छा आहे. तिनं त्यांच्यासाठी आधीच लिहून ठेवलंय: देवळाच्या भांडाराचा जुना राखणदार, जीव बारा, कंबरेला किल्ल्यांचा जुडगा.

आपला नम्र,
डिचोली तालुक्यातला एक शिक्षक आणि वाचनालयाचा आजीव सभासद